हवेचं इंजान आणि शेजारचा म्हाळ

१९५४ साल, भाद्रपद वद्य द्वादशी. त्या दिवशी मला दसरा काढायचा होता.

आमच्या भागात घटस्थापनेच्या आधी घर आढ्यापासून उंबऱ्यापर्यंत साफ करतात, त्याला दसरा काढणं म्हणतात. गोधड्या पंचगंगेवर नेऊन आपटायच्या, माळ्यावरची भांडी उतरवून चिंचेनं घासायची, भिंतींना पांढरी द्यायची. ही कामं बायका हसतखेळत करतात. नको असतं ते एकच, स्वयंपाकघरातल्या वाशांवरची काजळी काढणं. बारा महिने चुलीचा धूर वर जातो आणि कौलांच्या पोटाला चिकटून बसतो. डोक्याला जुनं लुगडं गुंडाळायचं, लांब बांबूला केरसुणी बांधायची आणि मान मागं टाकून ओढत राहायचं. काजळी सरळ तोंडावर येते. नंतर कितीतरी दिवस मान वळत नाही.

आमच्या मंगळवार पेठेतल्या गल्लीत या कामाची एक रीत होती. केरसुणी वर लावायच्या आधी शेजारी हाक मारून सांगायचं, "झाकापाका करा गं, जळमटं काढतेय." कारण ओळीतल्या घरांच्या मधल्या भिंती आढ्यापर्यंत गेलेल्याच नव्हत्या. भिंत उभ्या माणसाच्या डोक्यावर थोडी चढून थांबायची, आणि तिथून कौलांपर्यंत उघडं. त्या फटीतून फोडणीचा वास यायचा, काड्यापेटी फेकता यायची, आणि ऐकायचं नसलं तरी शेजारचं सगळं ऐकू यायचं.

आमचे हे लॉऱ्या रंगवायचे. त्यांच्या गॅरेजात रंगाचा फवारा मारायला एक कॉम्प्रेसर होता. पेट्रोलवर चालणारं छोटं इंजिन, त्याला जोडलेली हवेची टाकी, खाली दोन चाकं आणि लांब रबरी नळी. गल्लीतली माणसं त्याला हवेचं इंजान म्हणायची. मी एकदा डबा द्यायला गेले होते, तेव्हा यांनी नळीचं तोंड चिखलानं बरबटलेल्या लॉरीच्या जाळीवर धरलं. वाळलेला चिखल, पाचटाच्या काड्या, मेलेले किडे, सगळं एका फुंकरीत उडालं आणि आतली जाळी लख्ख दिसली. माझ्या डोळ्यांसमोर लगेच माझे वासे आले.

मी यांच्या मागं लागले.

"अगं, ते घरात चालवायचं यंत्र न्हवं."

"यंत्राला घर कोणतं आणि गॅरेज कोणतं, कळतं व्हय?"

"कळत न्हाई, म्हणून तर म्हणतोय."

एवढ्यावर मी ऐकणारी नव्हते. पितृपंधरवडा असल्यानं नवी लॉरी रंगवायला कुणी देत नव्हतं. द्वादशीला गॅरेज मोकळं होतं, आणि दुसऱ्या दिवशी एक जुनी लॉरी यायची होती. म्हणजे यंत्र मिळणार ते द्वादशीलाच.

आदल्या दिवशी संध्याकाळी शेजारीण आली. ती माझ्याहून बरीच लहान, मला अक्का म्हणायची. नवरा शाळेत मास्तर. मी तांदूळ निवडत होते, तर समोर बसून तीही निवडायला लागली.

"अक्का, उद्या आत्याबाईंचा म्हाळ हाय. जेवायला या."

आत्याबाई म्हणजे तिची सासू. दोन वर्षांमागं याच घरात अंथरुणावर पडून गेली होती. म्हाळ, म्हणजे पितरांचं जेवण, शिरोळला थोरल्या दिरांच्या घरी व्हायचा. त्या पावसाळ्यात कृष्णेचं पाणी आत शिरून त्या घराची भिंत बसली, म्हणून यंदा तो इकडे आला होता. तिच्या हातचा पहिलाच म्हाळ. शिरोळहून थोरले दीर, दोघं-तिघं भाऊबंद येणार होते, आणि नणंद.

"वन्सं बी येत्यात," ती म्हणाली आणि तांदळातला खडा उगाच बोटानं फिरवत राहिली.

त्या नणंदेचं मला ठाऊक होतं. आई दुखण्याला पडली तेव्हा ती आली नाही, तिच्या घरी अडचणी असतील. पण आई गेल्यावर मात्र चार घरी सांगत सुटली, "आमच्या आईला सुनेनं उपाशी मारलं." शेजारणीनं तोंडातून शब्द काढला नव्हता. पण म्हाळात लपवाछपवी चालत नाही. कावळ्यासाठी घास कौलावर ठेवायचा, आणि तो शिवेपर्यंत कुणी जेवायचं नाही. लगेच शिवला तर जाणारा तृप्त होता. नाही शिवला तर त्याचं काहीतरी राहिलं. आणि काय राहिलं, ते सांगायला नणंद तयारच होती.

"अक्का," ती उठता उठता म्हणाली, "उद्या तेवढं इंजान न्हाई लावलं तर?"

"उद्याच मिळतंय बाई. परवा लॉरी येणार. आणि तुझा घास काय बाराच्या आत बाहेर पडत नाही. माझं तोवर आटोपतंय सगळं. तुझं चुलीपाशी, माझं माळ्यावर. तुला काय त्रास?"

"न्हाई, त्रास न्हाई," ती म्हणाली आणि गेली.

सकाळी लवकर येतो म्हणालेले हे उन्हं चढल्यावर यंत्र ओढत आले. त्यात इंजिन चालू होईना. दोरी ओढ, झाकण काढ, प्लग पूस, परत दोरी ओढ. गल्लीतल्या बायका दारात येऊन उभ्या.

"मावशी, घराला दोरी बांधून ठेवा, उडून जाईल!"

"घर राहू द्या, मालकांना धरून ठेवा, लई वाळल्यात."

"आमच्या घरात बी फिरवा की जरा. सासूबाई तेवढ्या बाहेर उडाल्या तर बघा!"

मीही हसले. मला मजाच वाटत होती. इंजिन धडधडायला लागलं तसा ओसरीवरचा तांब्या थरथरला आणि समोरच्या पत्र्यावरचे कावळे ओरडत उठून गेले. ते उठलेले मी पाहिले. पाहिले आणि नळी हातात घेतली.

यंत्रानं काम चांगलं केलं, हे नाही म्हणता येणार नाही. देव्हाऱ्याच्या नक्षीत वर्षानुवर्षं बसलेली गुलालाची पूड निघाली. शिवणयंत्राच्या पोटातला दोऱ्यांचा भुगा बाहेर आला. खिडकीच्या जाळीला हात लावावा लागला नाही. फडकं मारून जे निघत नाही ते हवेनं निघतं, हे मी त्या दिवशी शिकले. मग माळ्यावर चढले. तोंडाला फडकं बांधलं, नळीचं तोंड वाशांकडे केलं आणि हवेची चावी सोडली.

केरसुणीनं ओढलेली काजळी खाली पडते. आपलीच घाण आपल्याच डोक्यावर, आपल्याच जमिनीवर. तिथून भरून टाकायची. हवेनं उडवलेली काजळी खाली पडतच नाही. ती आधी उठली, आढ्याला भिडली, आणि एखादी म्हैस वळावी तशी सावकाश वळून भिंतीवरच्या फटीतून पलीकडे गेली. मी अजून वासेच बघत होते. कसे मोकळे होताहेत, पिवळं लाकूड कसं दिसतंय. "झाकापाका करा" म्हणायची आठवण झाली नाही. आठवण झाली असती तरी त्या आवाजात ते कुणाला ऐकू गेलं नसतं.

यांनी खालून हात हलवले. मी चावी बंद केली. यांनी इंजिन बंद केलं. आणि त्या शांततेत पलीकडून एक बाई ओरडली, "खिरीत बघ काय पडलंय! खिरीत बघ!"

मी तशीच माळ्यावरून उतरले आणि त्यांच्या मागच्या दारी गेले. चुलीजवळ पानं मांडायची तयारी चालली होती. खिरीवर, भातावर, आळूवड्यांच्या ताटावर काळी बुकटी पसरली होती. कोळ्यांच्या जाळ्याचं एक लोंबतं टोक आमटीत पडलं होतं. शेजारीण पळी हातात धरून उभी होती. नणंद मधे येऊन खिरीचं पातेलं सगळ्यांना दाखवत होती, जसं काही ते पातेलं बोलणार होतं.

"माझं चुकलं," मी म्हणाले. "मी सगळं करून देते परत."

"तुम्ही आधी तोंड धुवा जावा," नणंद म्हणाली.

मला कामाला हात लावू दिला नाही. बिनआंघोळीची, काजळीनं भरलेली, म्हाळाच्या चुलीपाशी कशी चालेन? शेजारणीनं एकटीनं सगळं गाईला बाजूला काढलं, भांडी घासली, परत भात-वरण घातलं, उरल्या तांदळाची वाटीभर खीर केली. तोवर मी हातपाय धुऊन आमच्या मागच्या दारी उभी होते. मधे कमरेइतकं कुडाचं कुंपण. तिकडचं सगळं दिसत होतं, आणि तिथून हलायचं मला धाडस होत नव्हतं.

मास्तरांनी पडवीच्या कौलावर घास ठेवला, पाणी फिरवलं आणि हात जोडून उभे राहिले. वर आभाळात एक पाखरू नव्हतं. इंजिनानं सगळे कावळे उठवले होते, आणि अजून पेट्रोलचा वास गल्लीत भरून होता.

वाट बघितली. भाऊबंदांतला एकजण "काव काव" करून बोलावत होता. मास्तर म्हणाले, "आई, ताईला दिवाळीला आणीन, साडी नेसवीन." काही नाही. थोरले दीर म्हणाले, "आई, शिरोळची भिंत बांधतो, तुझ्या खोलीसकट." काही नाही. पाठीमागं पोटं भुकेली होती, पण कुणी बसत नव्हतं.

मग नणंद म्हणाली, "तिला म्हणू दे. तिचंच राहिलंय."

मी कुंपणापाशी आले. "ताई, ऐका. कावळे आमच्या इंजिनानं उठले. मी डोळ्यांनी बघितले. आवाज झाला की..."

"आवाजाचं काय सांगताय?" ती माझ्याकडे पूर्ण वळून म्हणाली. "गिरणीचा भोंगा वाजतोय तवा कावळं गाव सोडून जात्यात व्हय? ज्याला यायचं असतंय त्यो येतोय. शेजारणीनं शेजारणीची बाजू घ्यायचीच की. पन आधी तिच्या खिरीत माती घातली, आन् आता बाजू घेताय!"

भाऊबंदांतलं कुणीतरी हसलं. माझ्या कानात काजळी होती, केसांत जाळी होती, आणि म्हाळ नासवणारी मीच. माझ्या साक्षीला काय किंमत?

शेजारणीनं एकदा माझ्याकडे पाहिलं. रागानं नाही. नुसतं पाहिलं. मग डोक्यावरचा पदर पुढं ओढून ती कौलाखाली आली आणि हात जोडले.

"आत्याबाई," ती म्हणाली, "तुमचं खाण्यापिण्याचं माझ्याकडनं काय राहिलं असंल, तर चुकलं माझं. लेकीच्या जागी समजा आन् पदरात घ्या."

भावकीच्या देखत म्हणाली. मोठ्यानं म्हणाली, कारण नणंद म्हणाली, "मोठ्यानं."

त्यावरही कावळा आला नाही. शेवटी घास गाईला दिला आणि पानं वाढली. मला हाक आली नाही, आणि आली असती तरी मी गेले नसते.

माझा कावळ्यावर विश्वास नाही. तेव्हाही नव्हता. संध्याकाळी हे समजूत घालायला लागले, "अगं, पाखराचं काय मनाला लावून घेतीस." मी म्हणाले, "पाखराचं नाही." एका बाईनं जे केलं नव्हतं ते केलं म्हणून सगळ्यांसमोर कबूल केलं होतं, आणि ते माझ्या आळशी मानेपायी. पुढच्या वर्षी, त्याच्या पुढच्या वर्षी, कुणाच्याही लग्नात, बारशात, शिरोळच्या बायका सांगणार होत्या, "तिनं स्वतःच्या तोंडानं सांगितलं की, आमच्या देखत."

दिवस मावळायच्या आत शिरोळचे पुरुष निघून गेले. नणंद मुक्कामाला राहिली, सकाळच्या गाडीनं जाणार होती. पलीकडे खरारा, म्हणजे काड्यांचा खरखरीत झाडू, चालल्याचा आवाज येत होता. शेजारीण माझी काजळी काढत होती. मीही माझा खरारा घेऊन गेले.

"राहू दे अक्का," ती दारातच म्हणाली. "होतच आलंय."

तिनं मला कधी दारातून परत पाठवलं नव्हतं. मी खरारा घेऊन परत आले आणि माझ्या स्वच्छ स्वयंपाकघरात बसले. वासे पिवळेधमक दिसत होते. तसं घर मी आयुष्यात पाहिलं नव्हतं, आणि मला तिथं बसवेना.

भाकरी थापायला घेतली, तेव्हा फटीतून नणंदेचा आवाज आला. भावाशी बोलत होती. "आईला शेवटी घोट तरी मिळत हुता का न्हाई, देवाला ठाऊक."

देवाला ठाऊक असेल. पण मलाही ठाऊक होतं. माझे हात थांबले. भिंतीच्या त्याच फटीतून दोन वर्षांमागं, त्या सगळ्या पावसाळ्यात, मी रोज ऐकत होते. "आत्याबाई, तोंड उघडा. एवढा एक घोट." म्हातारी थुंकायची. ही परत भरवायची. कधी म्हातारी शिव्या द्यायची, कधी ही भांडं आपटायची आणि मग परत बसायची. चमच्याचा आवाज मला पाठ झाला होता. दुपारी मी बोलले ते इंजिनाबद्दल. या चमच्याबद्दल तोंडातून अक्षर काढलं नव्हतं. लाज वाटत असली की माणूस आपल्याच चुकीभोवती फिरत राहतो आणि समोरच्याचं जे सांगायला हवं ते राहून जातं.

दुसऱ्या दिवशी सकाळी दारात टांगा आला. मास्तरांनी नणंदेची पिशवी वर ठेवली आणि ते चढणार तेवढ्यात मी म्हणाले, "मास्तर, तुम्ही शाळेला जा. मी सोडते ताईंना." कुणी हो-नाही म्हणायच्या आत मी टांग्यात बसले होते.

नणंद अंग चोरून बसली. "तुमी कशाला?"

"मला तिकडं काम आहे," मी म्हणाले. काही काम नव्हतं.

घोडा चालायला लागला आणि मी सांगायला लागले. गोड बोलायला मला येत नाही. जे ऐकलं ते सांगितलं, शिव्यांसकट, भांडं आपटल्यासकट. सून चांगली होती असं एकदाही म्हणाले नाही. पेज कधी व्हायची, म्हातारी किती घोट घ्यायची, कोणत्या कुशीवर झोपवलं की गिळायची, एवढंच. नणंद रस्त्याकडे बघत होती. स्टेशन येईपर्यंत तिनं एकदाही मान वळवली नाही.

फलाटावर जयसिंगपूरकडची गाडी उभी होती. मी तिची पिशवी आत दिली. ती खिडकीपाशी बसली आणि माझ्याकडे न बघता विचारलं, "पेज कशाची?"

"नाचण्याची. मीठ घालून. तुमच्या आई वर लसणाची चटणी मागायच्या. वैद्यानं बंद केली होती, तर बोटावर घेऊन नुसती जिभेला लावायची तुमची भावजय."

गाडी हलली तेव्हा ती म्हणाली, "लसूण लई लागायचा आईला." ते मला म्हणाली की स्वतःला, कळलं नाही. तिनं हात वर केला नाही, मीही केला नाही.

मी चालत परत आले. ओसरीवरचा कॉम्प्रेसर हे घेऊन गेले होते. घराच्या पुढच्या खोलीचे वासे राहिले होते. आदल्या दिवशी तिथपर्यंत काम पोचलंच नव्हतं. मी डोक्याला जुनं लुगडं गुंडाळलं, बांबूला केरसुणी बांधली, सुतळी दोनदा आवळली. मग स्वयंपाकघरात जाऊन त्या फटीखाली उभी राहिले आणि हाक मारली.

"झाकापाका कर गं. जळमटं काढतेय."

पलीकडे आधी काहीच हललं नाही. मी थांबले. मग एक झाकण पडल्याचा आवाज आला, मग दुसरं, मग पाण्याच्या घागरीवर ताट ठेवल्याचा.

मी पुढच्या खोलीत गेले, मान मागं टाकली आणि केरसुणी वर लावली.